पहिलं शिलाई मशीन घ्यायचंय, कोणतं घेऊ?

रानजाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागाच काढते. मला शिवण शिकायचंय, अगदी श्रीगणेशापासून. बटण लावणं आणि साडीला हाताने फॉल लावणं एवढंच येतं, मशीनवर अजून बसलेले नाही. घराजवळ एक ताई क्लास घेतात तिथे नाव घातलंय, पण त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या की घरी मशीन असेल तरच हात बसतो, नुसतं क्लासला येऊन भागत नाही. तर घ्यायचं हे पक्कं, कोणतं घ्यायचं तिथे गाडी अडलीय.

शिवायचंय काय, तर लेकीचे फ्रॉक (वय ४), उशांचे अभ्रे, पडदे, माझे कुर्ते आणि लेगिंग आल्टर करणं, घरातल्या जीन्स खालून कमी करणं आणि पुढेमागे जमलं तर स्वतःचे ब्लाऊज. बजेट १५ हजारांपर्यंत, खरंच गरज असेल तर थोडं वर जाईन. पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, कायमचं मांडून ठेवायला जागा नाही आणि सासूबाई दुपारी झोपतात त्यामुळे आवाजाचाही विचार आहे.

ऑनलाइन बघितलं तर एकात २१ टाके, एकात ६०, आणि एक मिनी मशीन तर दीड-दोन हजारात दाखवतंय. आई म्हणते काळं पायमशीन घे जन्मभर चालतं, दुकानदार म्हणतो मॅडम आता ऑटोमॅटिकच घ्या, मैत्रीण म्हणते एकदाच खर्च कर आणि सरळ कारखान्यातलं ज्युकी घे. कुणाचं ऐकू? जाणकारांनी प्लीज लिहा, कितीही मोठं लिहिलंत तरी वाचेन.

चिंचेचा_कोळ

सगळ्यात आधी ते मिनी मशीन डोक्यातून काढ. माझ्या जावेने घेतलं होतं, कंपनीचं नाव सांगत नाही, सगळी सारखीच. प्लॅस्टिकची बॉडी, अ‍ॅडॉप्टरवर चालतं, रुमालाला टीप मारेपर्यंत ठीक, पण घडी आली आणि तीन-चार पदर झाले की घरघर करून थांबतं. अंगात वजन नाही म्हणून टेबलावर सरकत राहतं. आणि ते हातात धरून स्टेपलरसारखं दाबायचं येतं ना, ते तर अजिबातच नको. त्याला खालून दोराच नसतो, एकाच दोऱ्याची साखळी पडते, शेवटचं टोक नीट अडकवलं नाही तर ओढल्याबरोबर सगळी टीप उसवत जाते.

मला वाटतं नवीन माणसाला चांगलं मशीन उलट जास्त लागतं. मुरलेला शिंपी खराब मशीनकडूनही काम काढून घेतो, शिकणाऱ्याला मात्र चूक हाताची की मशीनची हेच कळत नसतं आणि मग ती बिचारी शिवणच सोडून देते.

पंचवीस_गज

रानजाई, मी सांगलीकडे शिवणक्लास घेते. नवीन मुली, चाळिशी-पन्नाशीच्या बायका, आता एक-दोन मुलगेही येतात, त्यामुळे हा प्रश्न मला रोजचा आहे. जरा सविस्तर लिहिते.

टाक्यांची संख्या हा विषय सोडूनच दे. घरच्या शिवणात लागतात सरळ टीप, झिगझॅग आणि काज. या तिघांवर आयुष्यभर शिवता येतं. ती फुलं, पानं, बदकं बायका पहिल्या आठवड्यात एका चिंधीवर काढून बघतात आणि परत त्या बटणाकडे फिरकत नाहीत, पण दुकानात डेमो मात्र त्याचाच देतात. त्यापेक्षा हे विचार की टाक्याची लांबी मला हवी तशी बदलता येते का, झिगझॅगची रुंदी वेगळी कमीजास्त होते का. काही स्वस्त मॉडेलमध्ये एकच चाक असतं आणि लांबी-रुंदी कंपनीनेच ठरवून दिलेली असते. चुण्या घालायला मोठा टाका लागतो, जॉर्जेटला बारीक लागतो, तिथे असं मशीन फार अडवतं.

आता तुझी यादी बघ. अभ्रे आणि पडदे काळ्या सरळ टिपेच्या मशीनवर उत्तम होतात, किंबहुना त्याची टीप ऑटोमॅटिकपेक्षा देखणी पडते हे माझं ठाम मत आहे. पण तुला लेगिंग आल्टर करायचेत, ते होजिअरीचं कापड, ताणलं की सरळ टीप तटकन तुटते, तिथे झिगझॅगच पाहिजे. आणि चार वर्षांच्या मुलीचे फ्रॉक शिवणार तर आतल्या कडा झिगझॅग केलेल्या हव्यात, नाहीतर दोरे सुटून पोरीच्या अंगाला टोचतात आणि मग आईने हौसेनं शिवलेला फ्रॉक ती घालायला तयार होत नाही. म्हणून तुझ्यासाठी माझं मत साधं झिगझॅगवालं ऑटोमॅटिक, कॉम्प्युटरवालं नाही. उषा जानोमे, सिंगर, ब्रदर तिघांचीही अशी मॉडेल साधारण ९ ते १५ हजारांत येतात. तिघांपैकी कोणतं हे मी सांगणार नाही, तुझ्या घरापासून जवळ कुणाचा मेकॅनिक आहे ते सांगेल.

दुकानात जाताना कापड घरून घेऊन जायचं, हे माझं अगदी कळकळीचं सांगणं. दुकानदाराकडे खळीचं कडक पॉपलीन दुपदरी घडी करून ठेवलेलं असतं, त्यावर कुठलंही मशीन सुंदर टीप मारतं. तू मांजरपाटाचा तुकडा घे, जुन्या टीशर्टचा घे, जुनी जॉर्जेटची ओढणी घे आणि एका जुन्या जीन्सचा पायाकडचा भाग काप. दोरेही दोन रंगांचे ने, वर लाल आणि बॉबिनमध्ये (खालच्या दोऱ्याच्या रिळात) निळा. आधी मांजरपाट दुपदरी करून एक वीतभर टीप मार आणि दोन्ही बाजू बघ. वरच्या बाजूला फक्त लाल दिसला पाहिजे, खालच्या बाजूला फक्त निळा, दोघांची गाठ कापडाच्या पोटात. वर निळे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन (दोऱ्याचा ताण) जास्त घट्ट आहे, खाली लाल दिसला तर सैल आहे. त्याला सांग की चाक फिरवून जुळवून दाखव, जुळलं तर प्रश्न नाही, जुळता जुळत नसेल तर पुढचं मशीन बघ. मग ओढणी, तिथे कापड आत खेचलं जातं का ते कळेल. टीशर्टवर झिगझॅग मारून ताणून बघ. आणि शेवटी जीन्सची ती जाड जागा, जिथे उभी शिवण आणि खालची दुमड एकत्र येतात. तिथे मशीन जरा कण्हलं तरी चालेल पण टाका सोडता कामा नये.

आणखी एक, पॅडल अगदी हलकं दाबून बघ. मशीन एकेक टाका घेत हळू चालतं का, की दाबल्याबरोबर सुसाट पळतं? वेग पुढे कधीही वाढवता येतो, हळू चालणं मशीनच्या अंगातच असावं लागतं. आणि बॉबिन भरणं, केसमध्ये (बॉबिनच्या डबीत) घालणं, दोरा ओवणं हे सगळं तिथेच स्वतःच्या हाताने कर, त्याला नुसतं सांगू दे. त्यात अर्धा तास गेला तरी जाऊ दे, एवढे पैसे मोजतेस.

शुक्रतारा_मंद

पंचवीस_गज ताई, काय सुंदर लिहिलंत. दोन रंगांच्या दोऱ्याचं इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

सोलापूरची_लेक

ज्युकीबद्दल मी लिहिते कारण आमचं सोलापुरात शाळेच्या युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे आणि मी ज्युकी-जॅकच्या आवाजातच लहानाची मोठी झाले. मशीन म्हणून नादच करायचा नाही, दिवसभर चालवा, टीप आरशासारखी. पण ते एकच काम करतं, सरळ टीप. काज नाही, झिगझॅग नाही, त्याला वेगळी मशीनं. वेग मिनिटाला ५,००० टाक्यांपर्यंत जातो, आमच्याकडे नवीन आलेल्या मुलीला आधी नुसतं पॅडलवर पाय ठेवायला शिकवतात. आता सर्व्हो मोटर आल्यापासून वेग कमी करून ठेवता येतो आणि आवाजही खूप कमी झाला हे खरं, जुनी क्लच मोटर मात्र नुसती चालू ठेवली तरी गुणगुणत राहते. पण टेबल-मोटरसकट ते एकदा मांडलं की मांडलं, उचलून कपाटात ठेवायची सोय नाही. किंमतही २२-२५ हजारांच्या पुढेच बघायची. सुईसुद्धा वेगळी लागते, गोल दांड्याची, घरगुती मशीनची चपट्या दांड्याची सुई त्याला चालत नाही.

उद्या तू दिवसाला पाच-सहा ब्लाऊज बाहेरचे शिवायला लागलीस तर डोळे झाकून घे. आज नको. तुझी मैत्रीण बहुतेक धंदा करणारी असेल, तिच्या जागी ती बरोबर आहे.

मेंगलोरी_कौल

काळ्या पायमशीनच्या बाजूने कुणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते. आम्ही कुडाळकडचे. पावसाळ्यात वादळवारा झाला की लाईट गेली ती कधी येईल सांगता येत नाही, आणि नेमकं गणपतीच्या आधी मखराचे पडदे, आरतीच्या वेळच्या पोरांच्या कुर्त्या असं सगळं काम निघतं. पायमशीन लाईटवाचून चालतं, वर नंतर मोटर बसवायची सोय त्याच हेडला (स्टँडवरच्या मशीनला) असते, म्हणजे लाईट असली की मोटरवर आणि नसली की पायावर. माझ्या सासूबाईंचं मशीन त्यांच्या लग्नातलं आहे आणि मी अजून त्यावर शिवते. त्याचे पार्ट कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतात, बॉबिन, केस, शटल (बॉबिनभोवती फिरून दोरा पकडणारा भाग), पट्टा, काहीही. हेड आणि स्टँड मिळून साधारण ७ ते ९ हजारांत नवीन येतं.

पायाने शिकलेल्या बाईचा हात फार पक्का होतो असं माझं निरीक्षण आहे, कारण वेग तिच्या पायात असतो. पहिले काही दिवस दोरा न ओवता, फूट (कापड दाबून धरणारा भाग) वर उचलून नुसतं पायडल मारायचं. चाक आपल्या बाजूला फिरलं पाहिजे, उलटं फिरलं की दोरा अडकून तुटतो. ते एकदा पायात बसलं की मग जुन्या वहीच्या रेघांच्या कागदावर बिनदोऱ्याची सुई चालवायची, भोकं रेघेवर पडली पाहिजेत.

आमच्याकडच्या दमट हवेचं एक सांगते, चामड्याचा पट्टा पावसात सैल पडतो, थोडा कापून परत आकड्याने जोडायचा, पाच मिनिटांचं काम. शटलजवळ गंज धरतो म्हणून काम झालं की थेंबभर तेल आणि वरून सुती कापड. आणि तेल मशीनचंच घाला, खोबरेल नको! आमच्या वाडीत कितीतरी जणी घालतात. ते थंडीत गोठतं आणि पुढे चिकट राळ होऊन मशीन जाम होतं, मग रॉकेलने धुवून काढावं लागतं.

रानजाई

बापरे एवढे प्रतिसाद, सगळ्यांचे मनापासून आभार. मिनी आणि ज्युकी दोन्ही यादीतून गेले. मेंगलोरी_कौल, तुमचं वाचून पायमशीनचा मोह झाला पण लेगिंग आणि जागा दोन्ही आडवं येतंय.

आता पुढचा प्रश्न, आईचं जुनं काळं मशीन गावी माळ्यावर आहे, पंचवीस-तीस वर्षं तरी कुणी हात लावलेला नाही. ते आणून दुरुस्त करून त्यावरच शिकावं का? आणि इथे ओळखीतल्या एकीने सेकंडहँड ऑटोमॅटिक विकायला काढलंय, फक्त चार वेळा वापरलंय म्हणते. ते कसं तपासायचं?

खटपट्या

मी मेकॅनिक नाही पण जुनी मशीनं उघडून दुरुस्त करायचा छंद आहे, नातेवाइकांची बरीच हाताखालून गेली आहेत.

आईचं मशीन जरूर आण. माळ्यावर पडलेलं काळं मशीन शंभरात नव्वद वेळा नुसतं आटलेल्या तेलाने जाम झालेलं असतं, बाकी त्यात बिघडण्यासारखं फार काही नाही. चाक फिरत नसेल तर जोर लावू नका. वरची सगळी तेलाची भोकं आणि हेड मागे कलंडून खालचे सांधे यात रॉकेल सोडायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी चाक हळूहळू मागेपुढे हलवायचं. काळा चिखल बाहेर येतो, तो पुसायचा, परत रॉकेल, आणि पूर्ण मोकळं झालं की मगच मशीनचं तेल. रॉकेल ओलं असताना मोटर लावायची नाही, चूल-गॅस जवळ नको, गॅलरीत बसून करा.

सेकंडहँड ऑटोमॅटिक तपासताना वीज लावायच्या आधी चाक हाताने फिरवा. पूर्ण फेरीत कुठे एका जागी अडतंय का? अडत असेल तर आतला प्लॅस्टिकचा गिअर किंवा टायमिंग (सुई आणि शटलचा मेळ) गेलेलं असू शकतं, तो खर्च मोठा असतो. मग सुईची दांडी बोटांत धरून हलवून बघा, खडखड हलली तर झीज झालीय. खालचं झाकण उघडून शटलचं टोक नखाने तपासा. सुई मोडून त्यावर आदळली की ओरखडा पडतो आणि त्या ओरखड्यात दोरा अडकून तुटत राहतो, लोक टेन्शनला दोष देत बसतात. बॉबिन त्याच मशीनची आहे का तेही विचारा. वरून बसवायची प्लॅस्टिकची बॉबिन आणि केसमधली धातूची बॉबिन दिसायला सारख्याच वाटतात पण उंचीत आणि आकारात किंचित फरक असतो, एकीच्या जागी दुसरी घातली की मशीन रुसलंच समजा.

चार वेळाच वापरलंय याची काळजी करू नका, पण वॉरंटी कार्ड आणि सगळे फूट आहेत का ते पाहा. काजाचं आणि चेनचं फूट हमखास हरवलेलं असतं.

आवाजाचं विचारलंत तर मशीनखाली जाड फोम किंवा योगा मॅटचा तुकडा घाला आणि टेबल भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. अर्धा आवाज टेबलाचाच असतो.

दूरदेशी_दिवाळी

आम्ही न्यू जर्सीत असतो, इथल्या वाचकांसाठी थोडं वेगळं लिहिते कारण मराठी मंडळाच्या नाटकाचे कपडे शिवायला घेतले तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता. इथे सिंगरचं ४४२३ आणि ब्रदरचं सीएस६०००आय ही दोन नावं नवीन माणसाला सगळेच सुचवतात. पहिलं यांत्रिक आणि जरा दणकट, दुसरं कॉम्प्युटरवालं आणि हलकं. मी मात्र फेसबुक मार्केटप्लेसवरून जुनं लोखंडी केनमोर घेतलं आणि फार समाधानी आहे. शिवाय बऱ्याच गावांत पब्लिक लायब्ररीत मेकरस्पेस (सगळ्यांना वापरता येणारी यंत्रांची खोली) असतो, तिथे मशीन वापरून बघता येतं, घेण्याआधी ते जरूर करा.

एक महत्त्वाचं, इथून मशीन भारतात कुणाला भेट म्हणून नेऊ नका. इथली मोटर १२० व्होल्टची, तिकडे २३० व्होल्ट, ट्रान्सफॉर्मरशिवाय लावलं की मोटर आणि पायाचं पॅडल दोन्ही जळतं. तिकडच्या बहिणीला पैसे पाठवा आणि तिथेच घेऊ द्या.

वर्धेकरीण

थोडं अवांतर, पण धागा बऱ्याच जणी वाचतील म्हणून लिहितो म्हटलं. व्हॉट्सअ‍ॅपवर 'पंतप्रधान मोफत शिलाई मशीन योजना, या लिंकवर अर्ज करा' असे मेसेज फिरत असतात, त्यात आधार-बँकेची माहिती अजिबात भरू नका. अशी केंद्राची वेगळी योजना नसल्याचं पीआयबीच्या (केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाच्या) फॅक्ट चेकने सांगितलेलं आहे. खरी आहे ती पीएम विश्वकर्मा, १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेली. १८ पारंपरिक व्यवसाय आहेत त्यात शिंपीकाम येतं, ट्रेनिंगमध्ये दिवसाला ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं, पुढे ५ टक्के व्याजाने कर्जही. पण ती शिवणावर पोट असणाऱ्यांसाठी आहे, घरातल्या एकाच व्यक्तीला आणि घरात सरकारी नोकरी असेल तर नाही. नोंदणी सीएससी (सरकारी कामांचे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या) केंद्रावर होते. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडूनही बायकांना मशीनसाठी मदत मिळते, पंचायत समितीत चौकशी करून पाहा. आमच्या गावातल्या दोघी-तिघींना अशीच मशीनं मिळाली आणि आता त्यांचं घर त्यावर चालतं, म्हणून हे मनापासून सांगतो आहे.

सह्याद्रीचा_पाईक

मुलग्यांचाही एक प्रतिसाद येऊ द्या. मी ट्रेकच्या सॅकची दुरुस्ती, पाऊच, ताडपत्रीचे तुकडे जोडणं असलं शिवतो. त्यासाठी घरगुती मशीन चालतं का असं बरेच जण विचारतात. एक-दोन पदर कॉर्ड्युरा (सॅकचं जाड नायलॉन कापड) चालतो, १६ नंबरची सुई, जरा मोठा टाका आणि जाड जागी पॅडल सोडून चाक हाताने फिरवायचं. सॅकचा पट्टा जिथे चार पदरी होतो तिथे मात्र ऑटोमॅटिकचा जीव काढू नका, मी ते काम अंब्रेला मशीनवर करतो. ज्यांना फक्त जाड कामच करायचंय त्यांनी अंब्रेलाचाच विचार करावा, काळ्या मशीनपेक्षा अंगाने मोठं आणि मजबूत, बहुतेक शिंप्यांकडे तेच असतं.

रानजाई, जीन्ससाठी एक युक्ती. ती जाड गाठ आली की फूट पुढून वर उचलला जातो, मागे तिरका होतो आणि टाका सुटतो. तेव्हा सुई कापडातच खाली ठेव, फूट उचल, फुटाच्या मागच्या बाजूखाली जीन्सचाच चौपदरी तुकडा सरकव, फूट सपाट झाला की पुढे चाल. शिवण्याआधी ती गाठ हातोडीने हलकी ठोकून बसवली तर अजूनच सोपं.

रानजाई

अपडेट देते. काल रविवारी पंचवीस_गज ताईंनी सांगितलं तशी पिशवी भरून कापडं घेऊन गेले, अहोंना जीन्स कापलेली आवडली नाही पण जुनीच होती. तीन दुकानं फिरले. पहिल्याने आमचं कापड लावूच दिलं नाही, तिथून लगेच निघालो. दुसरीकडे मशीन छान होतं पण सर्व्हिसिंगला कंपनीत पाठवावं लागेल, किती दिवस ते सांगता येत नाही म्हणाले. तिसऱ्या दुकानात एक काका स्वतः मेकॅनिक, त्यांनी स्टूलच पुढे केलं आणि म्हणाले बसा, तुम्हीच चालवा. ओढणीवर कापड आत खेचलं गेलं तर त्यांनी १४ नंबरची सुई काढून ११ नंबरची घातली आणि तीच ओढणी सुरेख शिवली गेली. म्हणाले सुती कापडाला १४, जॉर्जेट-शिफॉनला ११, जीन्सला १६ आणि होजिअरीला बॉलपॉइंट (गोलसर टोकाची), सुई स्वस्त आहे, बदलायला कंटाळा करू नका. जीन्सच्या गाठीवर दोन टाके सुटले होते, ते १६ नंबरने आणि वरच्या युक्तीने सुटले नाहीत.

शेवटी साधं झिगझॅगवालं घेतलं, टाक्याची लांबी आणि झिगझॅगची रुंदी दोन्ही वेगवेगळी बदलता येते, बॉबिन समोरून केसमध्ये घालायची. बजेटमध्ये बसलं, वर ते काका घरी येऊन एकदा बघून जाणार आहेत. आईचं मशीनही दिवाळीला आणणार, खटपट्या, तेव्हा तुम्हाला विचारायला येईनच.

मेंगलोरी_कौल

अभिनंदन गो! पहिलं काय शिवणार? फ्रॉकला लगेच हात घालू नको, आधी अभ्रा शिव. चार सरळ रेघा आणि एक तोंड, चुकला तरी वापरात येतो. त्यानंतर कापडी पिशवी, मग परकर. नाडीचा नेफा नीट जमला की कमरेला इलॅस्टिकवालं काहीही जमतं.

अबोली_ओवी

नमस्कार, मी बरेच दिवस नुसतीच वाचते, आज लिहिते आहे. रानजाई ताईंसारखंच मशीन मी मागच्या महिन्यात घेतलं. माझ्याकडे कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं नुसतं जाळं होतं, वरून टीप बरी दिसते. बॉबिन तीनदा बदलली, केसचा स्क्रूही थोडा फिरवून पाहिला, काही फरक नाही. मेकॅनिक पुढच्या आठवड्यात येईन म्हणतो. काय करू?

पंचवीस_गज

ओवी, बाळा, केसचा स्क्रू होता तिथे परत आण आणि आता त्याला हात लावू नको. जाळं खाली दिसतं म्हणून सगळे बॉबिन उसकटत बसतात, पण खाली जाळं म्हणजे वरच्या दोऱ्याला पकड नाही. खालून येणारा जास्तीचा दोरा वरचाच असतो.

वरचा दोरा पूर्ण काढून टाक. आता आधी फूट वर उचल. फूट वर असला की टेन्शनच्या दोन चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्यामध्ये खोल बसतो. फूट खाली ठेवून ओवलं तर चकत्या मिटलेल्या असतात, दोरा नुसता वरून घसरत जातो, वर बघून सगळं बरोबर वाटतं. मग चाक तुझ्याकडे फिरवून ती समोर वरखाली होणारी, दोरा ओढणारी दांडी (सुईची नव्हे) सर्वांत वर आण आणि दोरा तिच्या भोकातून गेलाय ना बघ, ती सुटली तरी हेच होतं. सुईत ओव. आता फूट खाली करून दोरा हलकेच ओढ, जड लागला पाहिजे. परत फूट वर कर, ओढ, सहज आला पाहिजे. हा फरक बोटाला जाणवला की जाळं गेलं म्हणून समज.

बॉबिनची खात्री करायचीच असेल तर केस दोऱ्याने लटकव आणि हाताला हलका झटका दे. बोट-दोन बोटं खाली सरकून थांबली की बरोबर. सरसर जमिनीवर गेली तर सैल, हललीच नाही तर घट्ट.

अबोली_ओवी

ताई!!! झालं! फूट वर करून ओवलं आणि जाळं गायब. ओढून बघायची खूण तर कमालच आहे, लगेच कळतं. मेकॅनिकला फोन करून नको सांगितलं.

आता एकच राहिलं, टीप सुरू करताना कापडाचा कोपरा सुईच्या भोकात आत खेचला जातो, विशेषतः पातळ कापडाचा.

पंचवीस_गज

ते सगळ्यांचंच होतं. सुरुवात अगदी काठापासून करू नको, अर्धं बोट आत सुई घाल, दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेव, तीन-चार टाके पुढे जा, मग रिव्हर्स दाबून काठापर्यंत मागे ये आणि परत पुढे. टोकं आधीच कापून आखूड ठेवू नको, वीतभर तरी हवीत. फारच पातळ कापड असेल तर आधी एका चिंधीवर शिवायला सुरुवात कर आणि न थांबता तिला लागून तुझं कापड फुटाखाली सरकव, नंतर चिंधी कापून टाकायची. माझ्या क्लासमध्ये प्रत्येक मशीनजवळ अशा चिंध्यांचा डबा असतो.